शाळेच्या कामाचे नियोजन आणि गुणवत्तेची वाढ

प्राथमिक शाळा ही गावातील लहानशी संस्था असली, तरी तिच्या कामाचा परिणाम फार दूरवर पोहोचतो. सहकारी सोसायटीचा कारभार बिघडला तर तो त्याच वर्षीच्या ताळेबंदात दिसतो. विहीर आटली तर त्याच उन्हाळ्यात समजते. शाळेचे काम बिघडले तर ते पुष्कळदा दहा वर्षांनी ध्यानात येते, आणि तोपर्यंत ज्या मुलाचे नुकसान व्हावयाचे ते होऊन गेलेले असते. चार वर्षे शाळेत बसूनही ज्याला साधा परिच्छेद अर्थ समजून वाचता येत नाही, त्याला पुढील इयत्तांची सर्वच पुस्तके मुकी होतात. इतिहास, परिसर अभ्यास, गणितातील शाब्दिक उदाहरणे, सारेच अडते. मग तो अधूनमधून गैरहजर राहू लागतो आणि एखाद्या वर्षी पटावरून त्याचे नाव नाहीसे होते.

असे का घडते, याचे उत्तर बहुधा व्यक्तींच्या नावावर मांडले जाते. शिक्षक पालकांना दोष देतो, पालक शिक्षकाला देतात आणि वरिष्ठ दोघांनाही देतात. वस्तुतः कष्ट करणाऱ्या शिक्षकांच्या शाळेतही मुले मागे राहतात. कष्टांना दिशा नसेल, आपण कोठे आहोत याची नोंद नसेल आणि केलेल्या उपायाचा पडताळा घेण्याची रीत नसेल, तर श्रम वाया जातात. संस्थेच्या कामाचे नियोजन करणे, त्याचे मोजमाप ठेवणे आणि त्याची गुणवत्ता क्रमाक्रमाने वाढविणे हे आता एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे. त्याचा उगम कारखान्यात झाला. तथापि त्यातील मुख्य तत्त्वे इतकी साधी आहेत की, दोन शिक्षकांच्या शाळेतही ती वापरता येतात.

या शास्त्राचा उगम

अमेरिकेत शिकागो शहराजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा टेलिफोनचे साहित्य बनविणारा मोठा कारखाना होता. तयार झालेला माल तपासावयाचा, सदोष नग बाजूला काढावयाचे आणि उरलेले विक्रीस पाठवावयाचे, अशी तेव्हाची पद्धत होती. तपासणी कितीही कडक केली तरी सदोष नग होतच राहत. कारण तपासणीने चूक सापडते, परंतु चुकीचे मूळ जागचे हलत नाही. या कंपनीतील वॉल्टर श्यूहार्ट या शास्त्रज्ञाने १९२४ साली एका छोट्याशा टिपणात नवा विचार मांडला. कोणतेही काम कितीही काळजीने केले तरी त्याच्या फळात थोडाफार कमीअधिकपणा राहणारच. हा कमीअधिकपणा दोन प्रकारच्या कारणांनी होतो. काही कारणे कामाच्या रचनेतच मुरलेली असतात व ती रोज थोडी थोडी जाणवतात; काही कारणे बाहेरून अचानक येतात. या दोहोंतील भेद ओळखता यावा म्हणून त्याने एक साधा आलेख सुचविला.

त्याचे विचार पुढे नेणारे विल्यम एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० साली जपानमध्ये तेथील अभियंत्यांना व कारखानदारांना या विषयाचे पाठ दिले. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जपानचा माल तेव्हा हलका समजला जाई. डेमिंग यांची शिकवण जपान्यांनी मनावर घेतली आणि १९५१ साली त्यांच्या नावाने पारितोषिकही सुरू केले. पुढे काओरू इशिकावा यांच्या प्रयत्नाने १९६२ पासून तेथे साध्या कामगारांची लहान मंडळे एकत्र बसून आपल्याच कामातील अडचणींचा विचार करू लागली. जपानी मालाची कीर्ती पुढे जगभर झाली, तिच्यामागे असे अनेकांचे वर्षानुवर्षांचे सामुदायिक प्रयत्न होते.

भारतालाही हा विषय अपरिचित नव्हता. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कलकत्ता येथे भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली, आणि त्यांच्या निमंत्रणावरून श्यूहार्ट स्वतः स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात येथे येऊन गेले.

रचनेतील दोष आणि माणसाचा दोष

डेमिंग आपल्या व्याख्यानात एक प्रयोग करून दाखवीत. एका पेटीत ४,००० मणी असत. त्यांपैकी ३,२०० पांढरे व ८०० तांबडे. श्रोत्यांतून सहा जणांना ‘कामगार’ म्हणून बोलावले जाई. पन्नास खळगे असलेली फळी पेटीत बुडवून प्रत्येकाने पन्नास मणी काढावयाचे. पांढरा मणी म्हणजे चांगला माल आणि तांबडा म्हणजे सदोष माल. कोणाच्या फळीत सहा तांबडे मणी येत, कोणाच्या चौदा. डेमिंग सहा तांबडे आणणाऱ्याची स्तुती करीत, चौदा आणणाऱ्याची कानउघाडणी करीत आणि सर्वांना ‘अधिक मन लावून काम करा’ असे बजावीत. दुसऱ्या खेपेस कालच्या ‘उत्तम’ कामगाराच्या फळीत बारा तांबडे मणी येत आणि सर्वजण हसू लागत. पेटीतच पाचांत एक मणी तांबडा असेल, तर पन्नासांत सरासरी दहा तांबडे यावयाचेच. स्तुतीने किंवा धाकाने ती संख्या बदलत नाही. ती कमी करावयाची तर पेटीतील तांबडे मणीच कमी केले पाहिजेत.

हा प्रयोग केंद्राच्या शिक्षण परिषदेत सहज करून पाहता येईल. दोनशे चिंचोके घ्यावेत, त्यांतील चाळीस रंगवावेत, सर्व एका डब्यात मिसळावेत आणि न पाहता प्रत्येकाने पंचवीस काढून, रंगीत किती आले ते लिहून, पुन्हा परत टाकावेत. सरासरी पाच रंगीत येतील. परंतु कोणाला तीन, कोणाला सात असे होत राहील. आकड्यांची ती यादी फळ्यावर लिहून तिच्यावरून ‘उत्कृष्ट’ व ‘निकृष्ट’ शिक्षक ठरवावे असे कोणी म्हटले, तर त्यातील अन्याय प्रत्येकाच्या ध्यानी येईल.

शाळेतील नित्याची हजेरी हे याचेच उदाहरण होय. समजा, एका शाळेचा पट ६० आहे. महिनाभर रोजची हजेरी ४४ ते ५४ या दरम्यान राहते आणि सरासरी ४९ येते. एके दिवशी ती ४४ झाली म्हणून मुलांना रागे भरले. दुसऱ्या दिवशी ती ४८ झाली. शिक्षकाला वाटते, रागावण्याचा उपयोग झाला. वस्तुतः रागावले नसते तरीही ती बहुधा वाढलीच असती. कारण सर्वांत वाईट दिवसाच्या पाठोपाठचा दिवस सहसा सरासरीच्या जवळ येतो. तद्वत ५४ हजेरीच्या दिवशी कौतुक केले, तर दुसऱ्या दिवशी हजेरी बहुधा उतरतेच. यावरून कौतुकाने मुले बिघडतात व धाकाने सुधारतात, अशी खोटी समजूत दृढ होते. शाळेतील पुष्कळशी कठोरता अशाच अपसमजातून जन्मास येते.

याच शाळेत एके दिवशी हजेरी ३१ झाली, तर ती गोष्ट निराळी. त्या दिवशी शेजारच्या गावी यात्रा असेल, ओढ्याला पूर आला असेल किंवा वस्तीवर तापाची साथ असेल. हे बाहेरून आलेले विशेष कारण होय. त्याचा शोध त्याच दिवशी घ्यावा आणि त्यावर तेवढ्यापुरता उपाय करावा. याउलट सरासरी ४९ हीच वाढवून ५५ वर न्यावयाची असेल, तर एखाद्या दिवसाच्या आकड्याकडे पाहून उपयोग नाही. रोज सुमारे अकरा मुले का येत नाहीत, हा रचनेचा प्रश्न आहे. धाकटी भावंडे सांभाळणे, वस्तीपासूनचे अंतर, वर्गात काहीच न समजल्याने आलेला कंटाळा अशी त्याची कारणे असतात आणि त्यांचे उपायही निराळे असतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या गावांत तर हा भेद फारच महत्त्वाचा ठरतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयता घेऊन निघाले की, मुलेही त्यांच्याबरोबर जातात. ही घट कारण माहीत असलेली आणि दर वर्षी ठरल्या वेळी येणारी आहे. ती नोव्हेंबरात अचानक घडल्यासारखी मानून धावपळ करण्यात अर्थ नाही. जुलै-ऑगस्टमध्येच कोणती कुटुंबे जाणार याची यादी करणे, आजी-आजोबांपाशी कोण राहू शकेल ते विचारणे आणि हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेवर पाठविणे हेच तिचे नियोजन होय.

योजनेची चार पावले

गुणवत्ता वाढविण्याच्या कामाची चार पावले सांगितली जातात. प्रथम योजना, नंतर कृती, तदनंतर पडताळा आणि शेवटी निश्चिती. निश्चिती याचा अर्थ असा की, उपाय लागू पडला असेल तर तो शाळेच्या रोजच्या रिवाजात बसवावयाचा आणि लागू पडला नसेल तर निःसंकोचपणे सोडून द्यावयाचा. चार पावले पुरी झाली की पुन्हा पहिल्या पावलापासून आरंभ करावयाचा. विहिरीवरील रहाटाप्रमाणे हे चक्र फिरत राहिले, म्हणजे दर फेरीस थोडे पाणी वर येते.

योजनेच्या आरंभी तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. काय साधावयाचे आहे? ते साधले हे कशावरून ओळखावयाचे? आणि त्यासाठी कोणता बदल करून पाहावयाचा? ‘मुलांची सर्वांगीण प्रगती करणे’ हे वाक्य सुंदर आहे, परंतु ते योजनेचे उद्दिष्ट होऊ शकत नाही. कारण ते साधले की नाही हे कोणासही सांगता येणार नाही. ‘दिवाळीपर्यंत तिसरीतील प्रत्येक मुलाने अपरिचित साधा परिच्छेद वाचून त्यावरील दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत’ हे उद्दिष्ट होय. एका वेळी असे एकच, फार तर दोन उद्दिष्टे घ्यावीत. दहा उद्दिष्टांचा तक्ता भिंतीवर शोभतो, परंतु हातून एकही पुरे होत नाही.

एका वर्गाचे उदाहरण

ही चार पावले प्रत्यक्षात कशी टाकावयाची, हे एका कल्पित वर्गाच्या उदाहरणाने पाहता येईल. समजा, तिसरीच्या वर्गात २४ मुले आहेत. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात शिक्षकाने प्रत्येक मुलाला एकेकटे जवळ बसवून दोन-तीन मिनिटे वाचावयास दिले. प्रथम गोष्ट, ती न जमल्यास परिच्छेद, तोही न जमल्यास सुटे शब्द, आणि शेवटी अक्षरे. मूल ज्या पायरीवर सहजपणे वाचते ती त्याची पायरी. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून देशभर होत असलेल्या ‘असर’ या पाहणीत वाचन याच पायऱ्यांनी तपासले जाते. या वर्गात २ मुलांना अक्षरेही ओळखता आली नाहीत, ५ अक्षरांपर्यंत, ६ शब्दांपर्यंत आणि ७ परिच्छेदापर्यंत पोहोचली, तर ४ मुलांनी गोष्ट वाचली. म्हणजे निम्म्याहून अधिक, १३ मुले, परिच्छेदाच्या अलीकडे आहेत. या मुलांपुढे तिसरीचे पुस्तक पहिल्या धड्यापासून शिकविणे म्हणजे जिन्याच्या खालच्या पायऱ्या काढून घेऊन वर चढावयास सांगणे होय.

आता कारणांचा शोध. तेरा मुलांना ‘कच्ची’ या एकाच शब्दात बांधू नये. प्रत्येक नावापुढे ‘का?’ असा प्रश्न लिहावा आणि पहिल्या उत्तरावर न थांबता पुन्हा ‘का?’ विचारावे. या वर्गात चौकशीअंती असे आढळले की, ४ मुले आठवड्यातून दोन-तीन दिवस येत नाहीत. ३ मुलांच्या घरची बोली मराठीहून वेगळी आहे. २ मुलांना फळ्यावरील अक्षर नीट दिसत नाही. आणि ४ मुले नियमित येतात, परंतु काना-मात्रा व जोडाक्षरे शिकविली जात असताना त्यांचा पाया कच्चा राहिला. एका आकड्याच्या पोटी चार निरनिराळी कारणे निघाली. त्यांना एकच उपाय, म्हणजे जादा तास, लावला असता तर फळ्यावरचे न दिसणाऱ्या मुलाला अधिक वेळ न दिसणेच वाट्याला आले असते.

मग कृती. शिक्षकाने दुपारच्या सत्रात रोज पाऊण तास पायरीनुसार गट केले. अक्षरगटाला अक्षरपत्ते व मातीत गिरवणे, शब्दगटाला शब्दांच्या चिठ्ठ्या व बाराखडीचा तक्ता, परिच्छेदगटाला छोट्या गोष्टींची पुस्तके दिली. दृष्टीची शंका असलेल्या दोघांना पुढे बसविले आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकाकडे त्यांची नावे दिली. वेगळ्या बोलीच्या मुलांसाठी घरचा शब्द व मराठी शब्द शेजारी शेजारी असलेले चित्रपत्ते वरच्या वर्गातील त्याच बोलीच्या मुलांकडून करून घेतले. अनियमित मुलांच्या घरी जाऊन चौकशी केली. हे सर्व सहा आठवड्यांपुरते, प्रयोग म्हणून.

सहा आठवड्यांनी पडताळा. पुन्हा तीच पद्धत, परंतु परिच्छेद नवा. आता अक्षर न ओळखणारे १, अक्षरांपर्यंत २, शब्दांपर्यंत ५, परिच्छेदापर्यंत ९ आणि गोष्ट वाचणारे ७ झाले. परिच्छेदाच्या अलीकडील मुले १३ वरून ८ वर आली. परंतु पडताळा येथेच थांबत नाही. पुढे गेलेली पाच मुले कोणती? पाया कच्चा राहिलेली चारही मुले आणि चष्मा मिळालेले एक मूल. राहिलेल्या आठांत अनियमित येणारी चारही, वेगळ्या बोलीची तिन्ही आणि चष्म्याची वाट पाहणारे एक मूल आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. गटवार वाचनाचा उपाय नियमित मुलांना लागू पडला. तो रोजच्या वेळापत्रकात कायम करावा. चित्रपत्त्यांचा उपाय अद्याप पुरेसा ठरलेला नाही. तो बदलून पाहावा किंवा त्यास अधिक काळ द्यावा. आणि अनियमित मुलांचा प्रश्न वर्गात सुटणारा नाही. तो शाळा व्यवस्थापन समितीपुढे नेला पाहिजे. पुढच्या फेरीची योजना अशा रीतीने आपोआप हाती येते.

इयत्तेप्रमाणे न बसविता पायरीप्रमाणे बसवून शिकविण्याच्या या रीतीस संशोधनाचाही आधार आहे. मुंबई व वडोदरा येथील शाळांत या शतकाच्या आरंभी मागे पडलेल्या मुलांना ‘बालसखी’ नावाच्या साहाय्यिकांकडून रोज काही वेळ पायाभूत वाचन-गणित शिकविण्याचा कार्यक्रम झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्यूफ्लो आदी अर्थशास्त्रज्ञांनी त्याची काटेकोर पाहणी केली. तेव्हा अशा मुलांची प्रगती स्पष्टपणे वाढलेली आढळली. मोठा प्रयोग करण्यापूर्वी त्याची खात्री करून घ्यावी, या त्यांच्या कार्यपद्धतीचा गौरव २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाने झाला.

मोजमापाचा धोका

मोजमाप हे दिव्यासारखे आहे. वाट पाहण्यासाठी त्याचा उपयोग करावा. चटका देण्यासाठी केला, तर लोक दिवाच लपवू लागतात. याचा इतिहासातील दाखला इंग्लंडचा आहे. तेथे १८६२ साली शाळांचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन व अंकगणित यांतील परीक्षेच्या निकालावर अवलंबून ठेवण्यात आले. फल पाहून पैसा द्यावा, हे वरवर न्याय्य दिसले. परंतु निरीक्षक ज्या पुस्तकातून वाचावयास सांगत, ते पुस्तकच मुलांकडून पाठ करून घेतले जाऊ लागले. परीक्षेत नसलेले विषय मागे पडले आणि पास होण्याची आशा नसलेल्या मुलांकडे दुर्लक्ष होऊ लागले. प्रसिद्ध कवी मॅथ्यू अर्नोल्ड हे स्वतः शाळा-निरीक्षक होते. त्यांनी या यांत्रिक पद्धतीवर सातत्याने टीका केली. अखेर १८९० नंतरच्या दशकात ती पद्धत क्रमाने सोडून देण्यात आली.

यातील धडा आजही विसरण्यासारखा नाही. आकडा चांगला दिसावा म्हणून उत्तर सुचविणे, कच्च्या मुलास चाचणीच्या दिवशी घरी ठेवणे किंवा हजेरीपटावर अनुपस्थितास उपस्थित दाखविणे यांतून वरिष्ठांची फसवणूक होते, हा त्यातील लहान भाग होय. मोठी हानी अशी की, शाळा स्वतःची वाट स्वतःच बुजविते. खोट्या आकड्यावर खरा उपाय उभा राहत नाही. आणि ज्या मुलाची अडचण कागदावरून नाहीशी झाली, त्याच्या मदतीस कोणी येत नाही. म्हणून सुधारणेसाठी घेतलेल्या वर्गातील नोंदी आणि दर्जा ठरविण्यासाठी घेतलेल्या परीक्षा यांत भेद राखणे अगत्याचे आहे. पहिल्या प्रकारच्या नोंदी शिक्षकाच्या स्वतःच्या उपयोगासाठी आहेत. त्यांत अपयश प्रामाणिकपणे लिहिता आले पाहिजे.

यासाठी तपासणी करणाऱ्यांचीही जबाबदारी आहे. संस्थेतून भीती हद्दपार केल्यावाचून गुणवत्ता वाढत नाही, हे डेमिंग यांच्या शिकवणीतील एक प्रमुख सूत्र होते. महाराष्ट्रात याच्या कितीतरी आधी महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडलेल्या निवेदनात तपासणीच्या अपुरेपणाकडे लक्ष वेधले होते. वर्षातून एकदा येणाऱ्या अधिकाऱ्याच्या भेटीने शाळेचा फारसा लाभ होत नाही; निदान तिमाहीस एकदा भेट व्हावी, आणि पूर्वसूचना न देताही व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. वारंवार होणारी भेट शाळेचे नित्याचे रूप पाहते. वर्षातून एकदा होणारी भेट सजविलेले रूप पाहते. केंद्रप्रमुखाने किंवा विस्तार अधिकाऱ्याने शेरेबुकात ‘प्रगती असमाधानकारक’ असे लिहिण्याऐवजी, मागील भेटीत कोणता बदल ठरला होता, त्याचे काय झाले आणि त्यासाठी शाळेस कोणती मदत हवी, एवढे तीन मुद्दे लिहिले तर ती भेट शाळेच्या योजनेचाच एक भाग होईल.

शाळेची योजना शाळेनेच करावी

वरून आलेली योजना सर्व शाळांना एकाच मापाचा अंगरखा घालते. या उणिवेचा विचार १९६४ साली नेमलेल्या कोठारी आयोगाने केला. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी कोल्हापूर जिल्ह्यातील ग्रामीण शिक्षणाचे काम जवळून केलेले होते. प्रत्येक शाळेने आपल्या परिस्थितीनुसार आपली योजना तयार करावी, आणि पैशावाचून केवळ मनुष्यबळ व कल्पकतेने करता येणाऱ्या गोष्टींवर तीत प्रथम भर द्यावा, हा विचार १९६६ च्या अहवालातून पुढे आला. जवळजवळच्या शाळांनी एकत्र येऊन परस्परांस साहाय्य करावे, ही शाळा-संकुलाची कल्पनाही त्याच अहवालातील. समता, संख्या आणि गुणवत्ता या तीन गोष्टी एकाच वेळी साधणे कसे कठीण आहे, याचे विवेचन नाईक यांनी पुढे स्वतंत्रपणे केले. खेड्यातील शिक्षकाला या त्रिकोणाचा अनुभव नित्य येतो. पट वाढवावा तर वर्ग कोंदटतो. हुशार मुलांच्या मागे लागावे तर मागची मुले सुटतात. म्हणून गुणवत्तेचे माप वर्गाच्या सरासरीवरून न घेता सर्वांत मागच्या मुलावरून घ्यावे, हे उचित होय.

आता या विचारास कायद्याचे बळ आहे. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाराच्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीकडे शाळा विकास आराखडा तयार करण्याचे काम सोपविले आहे. या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत व निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, अशी त्यात तरतूद आहे. महाराष्ट्रात २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला, आणि २०२१ साली केंद्र शासनाने ‘निपुण भारत’ अभियानाद्वारे तिसरीअखेर प्रत्येक मुलास समजपूर्वक वाचन व पायाभूत गणित यावे, हे उद्दिष्ट देशापुढे ठेवले. ही उद्दिष्टे शासनाची असली, तरी ती गाठण्याची वाट प्रत्येक शाळेची वेगळी आहे.

शाळा विकास आराखडा पुष्कळदा खोल्या, कुंपण, स्वच्छतागृह व पंखे यांच्या मागण्यांनी भरून जातो. या गोष्टी आवश्यक आहेतच. तथापि आराखड्याचे पहिले पान मुलांच्या शिकण्याचे असावे. समितीच्या सभेत पालकांपुढे टक्केवारी वाचून दाखविण्यापेक्षा, किती मुले कोणत्या पायरीवर आहेत हे साध्या तक्त्याने दाखवावे. मुलांची नावे मात्र चारचौघांत वाचू नयेत. ज्याच्या त्याच्या पालकास ती जवळ बसवून सांगावीत. शाळेत न गेलेली आईदेखील ‘चोवीसपैकी आठ मुले अजून परिच्छेद वाचत नाहीत’ हे वाक्य समजू शकते, आणि ‘आम्ही काय करावे?’ असे विचारते. तेथूनच खरे सहकार्य सुरू होते.

वर्षाचा क्रम

योजनेसाठी निराळ्या दप्तराची गरज नाही; शंभर पानी एक वही पुरे. शाळा उघडल्यावर पहिल्या महिन्यात प्रत्येक मुलाची पायरी नोंदवावी व एक उद्दिष्ट ठरवावे. ऑगस्टअखेर पहिला पडताळा घ्यावा. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी दुसरा पडताळा घेऊन स्थलांतर करणाऱ्या मुलांच्या पायऱ्यांची टिपणे स्वतंत्र करावीत, म्हणजे ती मुले ज्या शाळेत जातील तेथे किंवा परत आल्यावर काम पहिल्यापासून आरंभावे लागणार नाही. जानेवारीत तिसरा पडताळा घ्यावा. वर्षअखेरीस काय लागू पडले, काय पडले नाही आणि पुढील वर्षी काय करावयाचे, हे एका पानावर लिहून ठेवावे. शिक्षकाची बदली झाली तरी ते पान शाळेत राहते. चांगल्या शिक्षकाबरोबर चांगली पद्धतही गावाबाहेर जाते, ही खेड्यातील शाळांची जुनी व्यथा आहे; तिच्यावर ते पान हा एक सोपा उपाय होय.

दोन शिक्षकी शाळेत एवढ्या नोंदींना वेळ कोठून आणावा, ही शंका रास्त आहे. चोवीस मुलांचे वाचन प्रत्येकी तीन मिनिटांप्रमाणे पाहिले तर सुमारे सव्वा तास लागतो. रोज सहा मुले घेतली तर चार दिवसांत ते काम पुरे होते. वर्षातून चार वेळा एवढा वेळ दिल्याने उरलेल्या वर्षाचे श्रम योग्य ठिकाणी पडतात. ज्या नोंदींचा पुढील आठवड्याच्या अध्यापनात काहीच उपयोग होणार नाही, अशा नोंदी योजनेच्या वहीत ठेवूच नयेत. वही जितकी लहान तितकी ती अधिक काळ चालते.

सारांश, गुणवत्ता ही भाषणाने किंवा धाकाने येत नाही आणि एका वर्षातही येत नाही. कोठे जावयाचे ते ठरविणे, आज कोठे आहोत ते खरेपणाने लिहिणे, कारणे वेगळी करणे, लहान प्रमाणावर उपाय करून पाहणे आणि जो लागू पडेल तो रिवाजात बसविणे, एवढाच तिचा मार्ग आहे. प्रत्येक शाळेने येत्या महिन्यात एका इयत्तेतील मुलांच्या वाचनाच्या पायऱ्या नोंदवून या कामास आरंभ करावा, आणि केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत यश व अपयश दोन्ही मोकळेपणाने मांडावे. एका शाळेस जे जमले नाही ते कळल्यानेही दुसऱ्या शाळेचे काही महिने वाचतात, आणि मुलांच्या दृष्टीने ते महिने मोलाचे असतात.